मामा, दोष हळदीचा नव्हता

माणिकमामा, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी तुमचं नाव घेतो. आई-बाबांची जागा वेगळी, तिथे हिशेब नसतो. पण आमच्या घरात पहिल्यांदा कुणी पदवीधर झालं, ते तुमच्यामुळे. कुरुंद्याजवळच्या आपल्या गावच्या शाळेत तुम्ही शिपाई होता. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पाण्याची टाकी भरायची, आणि रविवारी शाळेच्या मागच्या भिंतीशी, तुमच्या दारासमोरच्या कडुलिंबाखाली, आम्हाला एअर रायफल शिकवायची. हे शेवटचं काम तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

परवा तुमचं तेरावं झालं. पंगत उठल्यावर मामींनी मला आत बोलावलं आणि पलंगाखालची लांबट पत्र्याची पेटी पुढे सरकवली. म्हणाल्या, "घेऊन जा बाबा. माझ्याच्यानं बघवत न्हाई." पेटीत तुमची बंदूक होती. तिच्यावर मी पाठवलेली दुर्बीण होती. खाली माझं पत्र आणि निशाण्याचा एक कागद.

त्या कागदाकडे येतोच. पण आधी एक गोष्ट तुमच्याशी बोलायची आहे. ती मी पत्रात लिहिली होती, पण तोंडाने बोललो नव्हतो. संक्रांतीला तुमच्या अंगणात, तुमच्या समोर उभा राहून बोलता आली असती. नाही बोललो.

मामा, तुम्ही माझ्या हातात पहिल्यांदा बंदूक दिली तेव्हा मी ती घट्ट आवळून धरली होती. तुम्ही माझ्या मनगटावर टिचकी मारलीत.

"आवळू नको रे. झोपलेलं लेकरू उचलल्यावानी धर. आवळलं की उठतंय ते."

मग तुम्ही ती उघडून दाखवलीत. आत जाडजूड स्प्रिंग, पुढे दट्ट्या. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, बंदूक मागे जाते. आणि दट्ट्या पुढे जाऊन थांबला की सगळी बंदूक पुढे झटका खाते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत हे सगळं होऊन जातं. "दोन धक्के देती ही. येक मागं, येक पुढं. तिला हलू दे. फकस्त दर बारीला सारखंच हलू दे." पुढे बी.एस्सी.ला क्रिया-प्रतिक्रियेचा धडा आला तेव्हा प्राध्यापकांनी फळ्यावर काढलेली आकृती मला पाठ होती. ती मी तुमच्या मांडीवर पाहिलेली होती.

दहावीनंतर बाबांनी मला हळदीच्या कामाला लावायचं ठरवलं होतं. तेव्हा तुम्ही घरी आलात. खाटेवर न बसता उंबऱ्यावर बसलात.

"किसनराव, तुमचं पोरगं अर्धा श्वास सोडून थांबून ऱ्हातं. मोठ्या माणसाला जमत न्हाई ते."

बाबा हसले. "माणिकराव, निशाणा मारून पोट भरतं व्हय?"

"न्हाई भरत. पर ज्याला थांबता येतं ना, ते शिकतं. याला काढू नका. दोन वर्षं माझ्या सांगण्यावरून बघा, न्हाई जमलं तर मीच आणून तुमच्या हळदीच्या बॉयलरपाशी हुबा करतो."

दोन वर्षांची पाच झाली. वसमतला प्रवेशाला तुम्ही माझ्यासोबत आलात, शाळेचा खाकी शर्ट घालून. प्रत्येक खिडकीवर म्हणायचात, "तकलीफ देतो साहेब, पर ह्या लेकराच्या घरी आजून कुणी ही खिडकी पाह्यलेली न्हाई." मला तेव्हा लाज वाटली होती. आज ते वाक्य मी कुणालाही अभिमानाने सांगतो.

तुमचा एक नियम होता, आणि सगळं त्याच्यावरूनच घडलं, म्हणून तो इथे लिहून ठेवतो. रविवारी पहिला छर्रा शिकवणाऱ्याचा. दहा मीटरची दोरी ताणून अंतर मोजायचं, गोणपाटं कोंबलेल्या खोक्यावर कागद लावायचा आणि सगळ्यांसमोर तुम्ही आधी मारायचं. तो कागद लिंबाच्या झाडाच्या खिळ्याला आठवडाभर राहायचा. "ज्याला सोताला लागत न्हाई, त्यानं दुसऱ्याला सांगू नये." दुसरा नियम याहून कडक. बंदुकीचं तोंड त्या भिंतीशिवाय कुठेही वळवायचं नाही. भरलेली असो, रिकामी असो, खेळात नाही, गमतीतसुद्धा नाही. एकदा मी रिकामी बंदूक घेऊन नुसता वळलो तर तुम्ही मला महिनाभर दोरी धरायला बसवलं होतं.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा आम्ही जुन्या पोरांनी मिळून तुम्हाला ही बंदूक दिली. शाळेची जुनी बंदूक आता शिकायला येणाऱ्या पोरींच्या सरावाला आणि ही तुमची. रविवार चालूच राहिले. मी तेव्हा संभाजीनगरला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. सुट्टीला आलो की लिंबाखाली यायचो, आणि तिथेच आपलं ते भांडण सुरू झालं. अजूनही संपलेलं नाही.

"मामा, तुमच्या बंदुकीला दुर्बीण लावू."

"काहून? चंद्रावर नेम धरायचा हाय का?"

"नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी तुम्हाला नीट दिसत नाही."

"दिसत न्हाई कुठं? एकाच्या जागी दोन दिसून राहिल्या. तुझ्यापेक्षा जास्त दिसतं मला."

पोरी खो खो हसल्या. वैष्णवी, जी सगळ्यांत चांगली मारते, ती म्हणाली, "मामा, मग दोन्ही माशांच्या मधी नेम धरा की."

"गप गं. गज्या, स्पर्धेत दुर्बीण चालत न्हाई. पोरींना वाईट सवय लागंल."

"पोरी शाळेची बंदूक वापरतील. दुर्बिणीच्या बंदुकीला हात लावू देऊ नका त्यांना."

"आन मी त्यांच्यासमोर भिंगातून बघून मारू? ती काय मर्दुमकी झाली?"

तुम्ही हरकत घेत होता, पण खिळ्यावरचे कागद मी पाहिले होते. छर्रे मधून कडेला सरकत चालले होते. तुम्हालाही ते माहीत होतं.

गेल्या दसऱ्याच्या आधी मी दुर्बीण घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी?" मी म्हणालो, "बंदुकीसाठी." एवढंच. स्प्रिंगची एअर रायफल आहे, नेम दहा मीटरवर आहे, नजर साठी ओलांडलेल्या माणसाची आहे, यातलं काहीही सांगितलं नाही. कपाटातली सगळ्यांत लांब, सगळ्यांत जड, सगळ्यांत ताकदवान दुर्बीण मी बोटाने दाखवली. तुमच्यासाठी लहान वस्तू घ्यायची मला लाज वाटली, मामा. खरं कारण तेवढंच.

खंडेनवमीला मामींनी विळे, कोयते, फवारणीचा पंप आणि तुमची बंदूक पाटावर मांडली. सगळ्यांना हळदकुंकू लावत त्या बंदुकीपाशी आल्या. दुर्बिणीचं पुढचं मोठं भिंग त्यांना दिसलं आणि त्यांनी अंगठाभर हळद बरोबर त्याच्या मधोमध टेकवली, वर कुंकू.

मी ओरडलो, "मामी! भिंगाला नाही!"

"काहून न्हाई? येवढा मोठा डोळा हाय त्याला, आन त्यालाच नको व्हय?"

तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली तुम्ही डोळा लावलात तर समोर धुकं. उपरण्याने पुसलंत. पिवळेपणा गेला, धुकं राहिलं. मी डोळा लावला, मलाही धुकंच. मी छातीठोकपणे सांगितलं, "हळद आहे मामा, भिंगात बसली. मऊ फडक्याने रोज थोडं थोडं पुसा, जाईल." तुम्हालाही पटलं. आपल्या भागातली हळद, कपड्याची जात नाही तर काचेची कशी जाणार! वर तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आमचा गज्या फिजिक्सवाला हाय, त्यानं निवडली ही."

संक्रांतीला आलो तेव्हा लिंबाच्या खिळ्यावर एक जुना, उन्हाने पिवळा पडलेला कागद होता. वैष्णवी वाटेत भेटली. "सर, मामा रविवार घेत न्हाईत आता. म्हणतात, माझा डोळा गेला. पहिला छर्रा कोण मारणार?"

तुम्ही अंगणात तिळगूळ देऊन शांतपणे सांगितलंत, "हळद तर कवाच गेली रे. भिंग लखलखीत हाय. आता जे ऱ्हायलंय ते माझ्याच डोळ्यातलं हाय." आणि मग मामींकडे बघून, सवयीने, "न्हाईतर ही बसली हाय हळद लावणारी."

तुम्ही गमतीने बोललात. पण मामी उठून आत गेल्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "पुजेच्या दिशी हात चुकला माझा. तवापासून ह्यांचा डोळा गेला." तीन महिने त्या हे मनात घेऊन बसल्या होत्या.

तेव्हाच मी तुमच्या बंदुकीची पेटी अंगणात आणून उघडली. तुमचा नियम होता म्हणून बंदूक भिंतीशिवाय कुठे वळवली नाही. स्क्रू सोडवून दुर्बीण हातात घेतली आणि सहज वर केली. गावाच्या टोकाची पाण्याची टाकी. शिडीची एकेक पायरी मोजता येत होती. टाकीवर रंगवलेलं अक्षर न् अक्षर स्वच्छ. मग दहा मीटरवरच्या खोक्याकडे वळवली. धुकं.

एका क्षणात कळलं. ही दुर्बीण लांबच्या नेमासाठी बांधलेली होती, जवळचं तिला स्पष्ट दिसतच नव्हतं. कुणाच्याही डोळ्याला नसतं दिसलं. तुम्ही नियम मोडून एकदा जरी टाकीकडे बघितलं असतं तर दसऱ्यालाच उलगडा झाला असता. पण तुम्ही नियम मोडणारे नव्हता. आतली नेम धरायची फुलीसुद्धा तिरकी झाली होती आणि बंदुकीवरच्या ओरखड्यांवरून दिसत होतं की दर छर्ऱ्याला दुर्बीण मागे मागे सरकत आली होती.

मी बी.एस्सी. फिजिक्स. भिंगाचा पाठ मी दरवर्षी मुलांना प्रयोगात करून दाखवतो. आणि मी तुमच्यासमोर काय म्हणालो? "साफ करून आणतो." तेवढं बोलून दुर्बीण पिशवीत टाकली आणि बस पकडली. बसच्या खिडकीबाहेर सगळ्या वाटेवर मामींचाच चेहरा दिसत होता. याहून भेकडपणा मी आयुष्यात केलेला नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नसे, म्हणून पत्र लिहायचं ठरवलं. पण नुसतं पत्र पाठवायचं नाही, सोबत बरोबर दुर्बीण पाठवायची, असंही ठरवलं. या वेळी दुकानदाराला आधी सगळं सांगितलं. दोन दुर्बिणी परत केल्या. एका ओळखीच्या सरावगृहात जाऊन, तुमच्या बंदुकीसारख्याच बंदुकीवर, दहा मीटरवर मारून बघितलं. मग पार्सल केलं. तेव्हा आपल्याकडे हळद शिजवायचे दिवस होते.

पुढचं मला मामींनी सांगितलं. तुम्ही पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलंत. हळदीच्या ओळीवर आलात आणि थांबलात. ती ओळ पुन्हा वाचलीत.

मामी म्हणाल्या, "मग? आता काय म्हणता?"

"काय म्हणू? चूक झाली."

"चार महिने टोमणे मारले मला."

"अवं, मी कुठं टोमणे मारले? ती गंमत व्हती."

"तुमची गंमत. मला रोज देवापुढं उभं ऱ्हावं लागलं."

त्या दिवशी चहा तुम्ही केलात म्हणे. साखर दोनदा पडली होती. मामी हे सांगताना हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. त्या रविवारी तुम्ही पोरींना बोलावलंत आणि पहिला छर्रा मारलात. पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारच्या आधी तुम्ही गेलात.

पेटीतला कागद आता माझ्यासमोर आहे. पाच छर्रे. माझ्या अंगठ्याचं नख ठेवलं तर पाचही झाकतात. मागे तुमच्या पेन्सिलीने लिहिलंय, "बराबर. आता तू बिगर दुर्बिणीचा मारून दाखव."

म्हणजे भांडण तुम्ही चालूच ठेवलंत. ठीक आहे मामा. मीही सोडणार नाही.

काल रविवार होता. मी पोरींना बोलावलं. दोरी ताणली, खोक्यात गोणपाटं भरली. शाळेची जुनी बंदूक घेतली, बिगर दुर्बिणीची. किती वर्षांनी माशीवर नजर ठेवली कोण जाणे. अर्धा श्वास सोडून थांबलो. घोडा दाबताना हाताने आवळलंच. छर्रा कागदाच्या अगदी कडेला लागला.

वैष्णवी जवळ जाऊन बघून आली. "सर, मामांचा मधी लागायचा."

"माहीत आहे."

"मंग हा खिळ्याला लावायचा का?"

"लावायचा. पहिला छर्रा आहे, जसा आहे तसा लावायचा."

तिने लावला. आठवडाभर तो सगळ्या गावाला दिसेल, दिसू दे. महिन्यातले दोन रविवार मी येणार आहे. उरलेल्या रविवारी वैष्णवी घेईल. पहिला छर्रा तिचा. मामींनी लिंबाखाली बसायला पोतं टाकून द्यायचं कबूल केलंय. तुमच्या बंदुकीला आम्ही कुणी हात लावणार नाही असं आधी ठरवलं होतं, पण मग वाटलं, तुम्हाला ते आवडलं नसतं. कुणाची नजर कमी झाली, कुणाला एका माशीच्या दोन दिसायला लागल्या, तर त्याच्यासाठी ती तयार राहील. मी तिला तेल लावून ठेवलंय.

तुम्ही असताना मी तोंडाने जे बोललो नाही, ते पोरींना काल पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितलं. दुर्बीण मी चुकीची निवडली होती. मामांचा डोळा चांगला होता. मामी दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

आणि हे ते पत्र. कोपऱ्यावर हळदीचा अंगठा उमटलाय. तुमचा की मामींचा, ते मी विचारलं नाही.

*

ती. माणिकमामा यांस,

साष्टांग नमस्कार.

मामा, आधी मुद्द्याचं. तुमचा डोळा गेलेला नाही. दोष हळदीचा नव्हता, मामींच्या हाताचाही नव्हता. दोष मी निवडलेल्या दुर्बिणीचा होता. संक्रांतीला मला हे कळलं आणि मी ते सांगितलं नाही, याची मला लाज वाटते. ही ओळ मामींना मोठ्याने वाचून दाखवा.

पहिली दुर्बीण लांबच्या नेमासाठी होती. जवळचं तिच्यातून कुणालाच स्पष्ट दिसत नाही. सोबतच्या दुर्बिणीला पुढच्या बाजूला फिरणारं कडं आहे. ते दहाच्या आकड्यावर आणून ठेवलंय, तिथून हलवू नका. आधी नुसती पांढरी भिंत बघून डोळ्याकडचं भिंग फिरवा, आतली फुली काळी, स्वच्छ दिसेपर्यंत. मग कागद बघा.

ही लहान दिसेल. मुद्दाम लहान घेतली आहे. मोठी ताकद घेतली की कागदाबरोबर आपल्या छातीची धडधडही मोठी दिसते आणि माणूस घाबरून घोडा ओढतो. ही वजनालाही हलकी आहे, म्हणजे बंदूक तुमच्या हातावर पहिल्यासारखीच झोपेल.

तुम्ही शिकवलेल्या दोन धक्क्यांचा मी विचारच केला नव्हता. दारूच्या बंदुकीचा धक्का एकाच बाजूला असतो, पहिली दुर्बीण तेवढाच सोसायला बांधलेली होती. आपली बंदूक पुढेही झटका देते. ट्रॅक्टर एकदम थांबला की ट्रॉलीतली पोती जशी पुढे येतात, तशी आतली भिंगं हलली. ही खास स्प्रिंगच्या बंदुकीसाठी बांधलेली आहे, हे मी विचारून आणि स्वतः मारून बघून घेतलं. बसवायची पकड एकसंध आहे आणि तिच्या खाली एक छोटी खुंटी आहे. ती बंदुकीवरच्या भोकात बसवा, मग दुर्बीण मागे सरकणार नाही. स्क्रू एकदम एकच आवळू नका, चारही थोडे थोडे आवळा. डोळा आणि भिंग यात चार बोटं अंतर ठेवा.

स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, हे तुमचं बरोबर आहे. पण तुम्हाला स्पर्धा खेळायची नाही. तुम्हाला रविवारी पहिला छर्रा मारायचा आहे. तो तुम्ही मारला नाही तर पोरींचा दुसरा छर्रा सुटत नाही, हे मी बघून आलोय.

तेव्हा येत्या रविवारी सगळ्यांना बोलवा. नेम चुकला तर मला कळवा, मी पुन्हा दुर्बीण बदलीन, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पण डोळ्याला दोष द्यायचा नाही.

आणि लागला, तर तो कागद या वेळी खिळ्याला लावू नका. पेटीत ठेवा. मी आलो की बघीन.

तुमचा,
गजानन